विश्लेषण : रत्नागिरीचा संस्कृत शिक्षक ते मुंबईचा कुलगुरू… भारतरत्न पां. वा. काणे यांचा राज्यघटनेवर आक्षेप नेमका काय होता?

मंदिरप्रवेशाचा खटला असो, वारसाहक्काचा वाद असो किंवा प्राचीन काळी लोक काय खात होते यावरून टीव्हीवर रंगलेली चर्चा असो, एक नाव कुठे ना कुठे येतेच : काणे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतही त्यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’चा हवाला अनेकदा दिलेला आढळतो. गंमत अशी की वादाच्या दोन्ही बाजूंना हेच काणे हवे असतात. त्यांच्या नावावर आणखी एक मत सांगितले जाते. भारतीय राज्यघटनेने लोकांना हक्क दिले, पण कर्तव्यांचा विसर पाडला, असे ते मत. ते खरोखर काणे यांचेच आहे. मात्र त्यामागचा माणूस, त्याचा अभ्यास आणि त्या मताला त्याच काळात मिळालेले उत्तर यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

काणे कोण? रत्नागिरीशी त्यांचे नाते काय?

महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे यांचा जन्म ७ मे १८८० रोजी चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम इथे, आजोळी झाला. घराणे भिक्षुकीचे. वडील मात्र वकिलीकडे वळले आणि दापोलीच्या कोर्टात वकिली करू लागले. पोथी आणि कोर्ट या दोन्ही गोष्टी मुलाने घरातच पाहिल्या. शिक्षण दापोलीच्या मिशन हायस्कुलात झाले. १८९७ मध्ये मॅट्रिक, त्यानंतर मुंबईचे विल्सन कॉलेज. १९०१ मध्ये बीए, १९०३ मध्ये एमए, दोन्ही वेळा संस्कृतची पारितोषिके.

एवढे झाल्यावर त्या काळचा सुशिक्षित तरुण करायचा तेच त्यांनी केले, सरकारी शाळेत नोकरी धरली. १९०४ पासून सुमारे तीन वर्षे ते रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिकवत होते. या शाळेला आधीचाही एक वारसा होता. १८६० च्या दशकात रा. गो. भांडारकर इथे मुख्याध्यापक होते. भांडारकर पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि पाच दशकांहून अधिक काळाने काणेही झाले. जिल्ह्याच्या ठिकाणची एक शाळा आणि तिच्या शिक्षकवर्गातून मुंबईला दोन कुलगुरू! रत्नागिरीकरांनाही हे फारसे ठाऊक नसते.

१९०७ मध्ये काणे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले, १९०८ मध्ये एलएलबी झाले, एल्फिन्स्टन कॉलेजात काही काळ संस्कृत शिकवले. १९११ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. पुढच्याच वर्षी एलएलएम, विषय हिंदू आणि मुस्लीम कायदा. १९१७ ते १९२३ या काळात ते शासकीय विधि महाविद्यालयात कायद्याचे प्राध्यापकही होते.

इथे जरा थांबून दापोली परिसराकडे पाहायला हवे. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारे महर्षी धोंडो केशव कर्वे मुरुडचे. त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि नंतर लखनऊ व पुणे विद्यापीठांचे कुलगुरू झालेले रँग्लर र. पु. परांजपे मुर्डीचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव शेजारच्या मंडणगडातले आंबडवे. त्यांचे वडील १८९४ मध्ये लष्करातून निवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही काळ दापोलीतच राहत होते. म्हणजे काणे दापोलीत मॅट्रिकच्या वाटेवर असताना, पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होणारे लहानगे भीमराव त्याच गावात होते. दोघांच्या दापोलीत अर्थातच अंतर होते. एकाला जन्मानेच पोथी मिळाली होती, दुसऱ्याला तिला हात लावण्याचीही मनाई होती. पुढे घटनेवरून दोघांची मते वेगळी झाली, त्याचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही.

कोकणातल्या वकिलाला संस्कृत कशाला लागत होते?

काणे संस्कृतचे पंडित होते आणि वकीलही होते, असे आपण सहज म्हणतो. त्यांच्या काळात हे दोन वेगळे उद्योग नव्हते. इंग्रजी राजवटीत फौजदारी कायदा सगळ्यांना एक झाला होता. पण लग्न, दत्तक, वाटणी, वारसा या बाबतींत हिंदूंना त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे न्याय द्यायचा, असे धोरण होते. त्यामुळे न्यायाधीश इंग्रज, कोर्टाची भाषा इंग्रजी आणि वादाचा आधार मात्र आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची संस्कृत टीका, असा प्रकार रोज घडे.

हे रत्नागिरीच्या उदाहरणाने चांगले समजते. पश्चिम भारतात दोन ग्रंथ प्रमाण मानले जात. पहिला ‘मिताक्षरा’, म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली टीका. दुसरा सतराव्या शतकातल्या नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’. नीलकंठ काशीचे, पण घराणे मूळचे पैठणचे. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट याच घराण्यातले. देशावर आणि रत्नागिरी जिल्ह्यात मिताक्षरेचा शब्द वरचढ. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूखाचा.

आता समजा, शंभर वर्षांपूर्वी गिरणीत काम करणारा एक अविवाहित तरुण मुंबईत वारला. मागे स्वतः कमावलेले थोडे पैसे आणि आईवडील दोघेही हयात. पैसे कोणाला? तो रत्नागिरीकडचा असेल, तर मिताक्षरेप्रमाणे आधी आईला. तो मूळचा मुंबई बेटावरच्या घराण्यातला असेल, तर मयूखाप्रमाणे आधी वडिलांना. चाळ एक, गिरणी एक, पण आईचा हक्क वेगळा. माणूस गाव सोडून मुंबईला आला तरी मूळ गावचा कायदा त्याच्याबरोबर येतो, असे कोर्ट सामान्यतः धरून चालत असे.

हा फरक आला कुठून? एका शब्दाच्या फोडीतून. याज्ञवल्क्याने वारसांच्या क्रमात ‘पितरौ’ असा द्विवचनी शब्द वापरला आहे, अर्थ ‘आईबाप’. विज्ञानेश्वराचे म्हणणे, या समासाचा विग्रह करताना ‘माता च पिता च’ असा आईचा उच्चार आधी होतो, म्हणून हक्कही तिचा आधी. शिवाय बापाला दुसऱ्या बायकांचीही मुले असू शकतात, आई मात्र फक्त त्याच मुलाची, म्हणून नात्याने तीच जवळची. नीलकंठाने हे मानले नाही. पण याच नीलकंठाने बहिणीला वारसांत जागा दिली. तीही भावाच्याच गोत्रात जन्मली, मग तीही ‘गोत्रजा’ ठरते, हा त्याचा युक्तिवाद. व्याकरणाच्या एका वळणावर एखाद्या घरातल्या म्हातारीच्या पोटाची सोय ठरत होती. ज्या वकिलाला हे मूळ संस्कृतात वाचता येई, त्याच्या हाती हुकमी पत्ता असे. बाकीचे भाषांतरावर चालत.

‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हे प्रकरण काय आहे?

काणे यांनी या व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ती तयार केली. ती १९२६ मध्ये आली. तिला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राच्या ग्रंथांचा थोडक्यात इतिहास द्यावा, असे त्यांच्या मनात आले. ती ‘थोडक्यात’ प्रस्तावना वाढत वाढत पाच खंड आणि साडेसहा हजारांच्या आसपास पाने झाली. पहिला खंड १९३० मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने काढला. दुसरा १९४१, तिसरा १९४६, चौथा १९५३, पाचव्याचे दोन भाग १९५८ आणि १९६२. शेवटचा भाग आला तेव्हा काणे ८२ वर्षांचे होते. हाताशी संशोधन सहायकांचा ताफा नव्हता. मुक्काम गिरगावच्या आंग्रेवाडीत, दिवसा कोर्ट, पुस्तकांसाठी टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, आणि उरलेल्या वेळात लेखन. ग्रंथ इंग्रजीत असूनही त्याच्या चौथ्या खंडाला १९५६ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो संस्कृत विभागात.

या ग्रंथाचा कणा म्हणजे कालनिर्णय. कोणती स्मृती आधीची, कोणती नंतरची, कोणता श्लोक कोणी कोणाकडून घेतला, कोणत्या टीकाकाराने कोणाला खोडून काढले, हे काणे पानोपानी तपासत जातात. हा खटाटोप रुक्ष वाटेल. पण त्याचा परिणाम फार दूरचा होता. एखादा नियम अनादि आहे असे म्हटले की बोलणेच खुंटते. तो नियम अमुक शतकात, अमुक प्रदेशात, अमुक पंडिताने लिहिला आणि त्याच्या आधीच्या पंडिताचे मत उलट होते, असे दाखवले की त्याच्यावर चर्चा करता येते. अस्पृश्यतेबद्दलही त्यांनी हेच केले. पुढे अंत्यज ठरवल्या गेलेल्या काही जातींची नावे वैदिक वाङ्मयात येतात, पण त्या अस्पृश्य होत्या असे तिथे दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी दुसऱ्या खंडात मांडला.

तिसऱ्या खंडातले ‘कलिवर्ज्य’ हे प्रकरण या दृष्टीने आवर्जून वाचावे असे आहे. कलिवर्ज्य म्हणजे पूर्वी शास्त्राला मान्य असलेल्या, पण कलियुगात करू नयेत म्हणून मध्ययुगीन ग्रंथकारांनी बाद ठरवलेल्या गोष्टी. अशा पन्नासहून अधिक गोष्टी काणे यांनी गोळा केल्या आहेत. नियोगाने संतती, थोरल्या मुलाला वाटणीत जादा हिस्सा, पाहुण्यासाठी मधुपर्कात गाय मारणे, द्विजांनी समुद्रप्रवास करणे, विधवेचा पुनर्विवाह. काणे यांचा मुद्दा सरळ होता. लोकांना नकोशा झालेल्या गोष्टी आपल्या पूर्वजांनी शास्त्रातून काढून टाकल्या, तर तो अधिकार आपल्यालाही आहे. स्वतः काणे १९३७ मध्ये युरोपला जाऊन आले. समुद्रप्रवास कलिवर्ज्य आहे, हे त्यांच्याइतके तपशिलात कोणाला माहीत असणार!

आमच्या मते या प्रकरणातून आणखी एक गोष्ट निघते, ती काणे यांच्या चाहत्यांकडून सहसा सांगितली जात नाही. या यादीत जाचक रूढी आहेत तशी विधवाविवाहासारखी चांगली मोकळीकही आहे. शास्त्र बदलत आले हे खरेच, पण ते दर वेळी पुढेच गेले असे नाही. विधवांच्या बाबतीत ते मागे गेले.

कायद्याचा माणूस कुलगुरू कसा झाला?

मुंबई विद्यापीठापुरते पाहिले तर यात नवल नव्हते. पहिले भारतीय कुलगुरू न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८९२) संस्कृतज्ञ आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. काणे १९४७ ते १९४९ कुलगुरू होते. त्याच काळात स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर हे फेडरल कोर्टाचे माजी न्यायाधीश, काही काळ संविधान सभेचे सदस्य. पुढे सरन्यायाधीश पदावरून निवृत्त झालेले न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरही १९६६ ते १९७१ मुंबईचे कुलगुरू होते. विद्यापीठ ही कायद्याने जन्मलेली संस्था. सिनेटचे अधिकार, महाविद्यालयांची संलग्नता, नियमावली, तंटे यांत वकिलाची नजर कामी येते. आजच्या भाषेत काणे ‘घटनातज्ज्ञ’ नव्हते. राजसत्ता आणि कायदा यांच्या जुन्या भारतीय नात्याचे ते जाणकार होते.

त्यांची दोन वर्षे मात्र वाटण्यांची होती. सिंधमधली महाविद्यालये मुंबईला जोडलेली असत. १९४७ मध्ये सिंध विद्यापीठ निघाले आणि पाठोपाठ देशाचीच फाळणी झाली. पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ चा, काम सुरू झाले १९४९ मध्ये. गुजरात, बडोदा आणि कर्नाटक विद्यापीठेही याच सुमाराची. कराचीपासून धारवाडपर्यंत पसरलेले एक विद्यापीठ तुकड्यातुकड्यांनी वेगळे होत होते, आणि हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटणीचा कायदा ज्याला तोंडपाठ तो माणूस तेव्हा कुलगुरूच्या खुर्चीत होता. नवे उभारण्याची संधी त्यांना फारशी नव्हती. जुन्याची नीट वाटणी होणे हीच त्या वेळची गरज होती. १९४८ मध्ये पॅरिसला प्राच्यविद्या परिषद भरली, तिलाही ते भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली महाविद्यालये आज मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. रत्नागिरीत विद्यापीठाचा उपपरिसर आहे आणि स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी अधूनमधून डोके वर काढते. दापोलीत कृषी विद्यापीठ झाले ते १९७२ मध्ये. त्याच वर्षी नव्वदी ओलांडलेले काणे गेले.

घटनेवर त्यांचा आक्षेप काय होता?

तिसरा खंड १९४६ चा. त्यात राजधर्म आणि व्यवहार, म्हणजे राज्यशास्त्र आणि न्यायदान हे विषय येतात. त्याच वर्षी ९ डिसेंबरला संविधान सभेची पहिली बैठक झाली. हा योगायोगच. पण नवे राज्य कसे असावे याचा खल दिल्लीत चालू झाला, तेव्हा जुने राज्य कसे असावे याविषयी प्राचीन ग्रंथकार काय म्हणत होते याचा सर्वांत मोठा संग्रह नुकता छापून झाला होता.

संविधान सभेने त्या दिशेने फारसे पाहिले नाही, आणि नेमके हेच काणे यांना खटकले. पाचव्या खंडाच्या अखेरीस ते स्वतंत्र भारताकडे वळतात. भारतात रुजलेल्या परंपरागत कल्पनांशी घटनेने पूर्ण फारकत घेतली आणि लोकांमध्ये आपल्याला हक्क आहेत, बंधने मात्र नाहीत, अशी चुकीची समजूत निर्माण केली, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. धर्मशास्त्रात बोलण्याची सुरुवातच कर्तव्यापासून होते. हक्क निघालाच तर तो दुसऱ्याच्या कर्तव्यातून. १९५० च्या घटनेत तिसरा भाग मूलभूत हक्कांचा होता. नागरिकांच्या कर्तव्यांचा भाग नव्हता.

अशा टीकेला उत्तर मिळाले होते का?

टीका नवी नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी नेमक्या याच प्रकारच्या टीकेचा समाचार घेतला होता. मसुद्यात प्राचीन भारतीय राज्यव्यवस्थेचे काहीच नाही, घटना गावांवर उभी करायला हवी होती, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी सुनावले की गावगाडा म्हणजे संकुचितपणा आणि जातीयता यांचे घर आहे. मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानले याचे त्यांना समाधान होते. काणे तेव्हा मुंबईत कुलगुरू होते. त्याच वर्षी आलेल्या ‘द अनटचेबल्स’ या पुस्तकात आंबेडकरांनी काणे यांच्या ‘धर्मशास्त्रविचार’ या मराठी पुस्तकाचा आधार घेतला आहे. म्हणजे काणे यांच्या संशोधनावर त्यांचा भरवसा होता. त्यावरून काढायचा निष्कर्ष मात्र वेगळा होता.

आंबेडकरांच्या बाजूने पाहिले तर मुद्दा उघड आहे. धर्मशास्त्रातली कर्तव्ये सगळ्यांना सारखी नव्हती, ती जन्मावर ठरत. काहींच्या वाट्याला कर्तव्यांबरोबर मानही आला, काहींच्या वाट्याला नुसती कर्तव्ये. ज्यांनी शेकडो वर्षे नुसती कर्तव्येच केली, त्यांना नव्या राज्याने पहिली गोष्ट म्हणून हक्क दिले, यात गैर काय होते? काणे यांच्या आक्षेपात या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. तो त्यांच्या मांडणीतला मोठा खड्डा आहे, असे आम्हाला वाटते.

आणखी एक बाब. घटनेत ‘कर्तव्य’ अगदीच नव्हते असे नाही. चौथ्या भागातली मार्गदर्शक तत्त्वे कायदे करताना लागू करणे हे राज्याचे कर्तव्य असेल, असे अनुच्छेद ३७ पहिल्या दिवसापासून सांगतो. ही तत्त्वे न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत, एवढीच मेख.

मग मूलभूत कर्तव्ये घटनेत कधी आली?

१९७६ मध्ये, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकांची दहा कर्तव्ये घालण्यात आली आणि ती ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाली. मुलांना शिक्षणाची संधी देण्याचे पालकांचे अकरावे कर्तव्य २००२ मध्ये आले. काणे यांची तक्रार अशा रीतीने त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी दूर झाली म्हणायची, पण कोणत्या मुहूर्तावर? आणीबाणी चालू होती. स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल त्याच वर्षी एप्रिलमध्ये लागला होता. हक्क खुंटीला टांगलेले असताना कर्तव्यांची यादी आली.

काणे यांना हे आवडले असते का, हा प्रश्न व्यर्थ आहे. पण ज्या ग्रंथांचा त्यांनी इतिहास लिहिला, त्यांत कर्तव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर होते हे पाहता येते. राजधर्मात सर्वांत जड ओझे राजाच्या खांद्यावर आहे. चोरीला गेलेला माल राजाने मिळवून मालकाला परत द्यावा आणि चोर सापडलाच नाही तर स्वतःच्या तिजोरीतून भरून द्यावा, असे स्मृतिकार सांगतात. आज घरफोडी झाल्यावर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घरी परतणाऱ्याला हा नियम सांगून पाहा! प्रत्यक्षात किती राजांनी असे पैसे भरले हा भाग वेगळा, पण नियम होता आणि तो दुबळ्याच्या बाजूचा होता. ५१-क मध्ये अशी एकही ओळ नाही. तिथे कर्तव्ये आहेत ती फक्त ‘प्रत्येक नागरिकाची’. काणे यांचा हवाला देऊन नागरिकांना कर्तव्यांची आठवण करून देणारे राजधर्माची ही बाजू सहसा उघडत नाहीत.

संसदेत काणे होते तेव्हा काय घडले?

१९५३ मध्ये ते राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून गेले आणि १९५९ पर्यंत होते. हिंदू कायद्याचे चार मोठे कायदे याच काळात झाले : १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चे वारसा, दत्तक-पोटगी आणि पालकत्वाचे कायदे. धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा जाणकार सभागृहात बसलेला आणि समोर धर्मशास्त्राच्या जागी येणारे कायदे, असे ते दृश्य.

वर सांगितलेला मिताक्षरा-मयूख वाद या वारसा कायद्याने कायमचा मिटला. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, वडील दुसऱ्या वर्गात. आपल्या अविवाहित गिरणी कामगाराचे पैसे आता तो रत्नागिरीचा असो की मुंबईचा, आधी आईलाच मिळतात. विज्ञानेश्वराने व्याकरणातून काढलेला निकाल संसदेने मतदानाने काढला. मुलीला मात्र वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत देशभर जन्माने हिस्सा मिळायला २००५ ची दुरुस्ती यावी लागली.

१९५९ मध्ये काणे राष्ट्रीय प्राध्यापक झाले. १९६३ मध्ये डॉ. झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्यांना भारतरत्न मिळाले. रत्नागिरी जिल्ह्याशी नाते असलेले ते दुसरे भारतरत्न. पहिले १९५८ मध्ये महर्षी कर्वे, तिसरे १९९० मध्ये मरणोत्तर डॉ. आंबेडकर.

दोन्ही बाजूंना काणे का सापडतात? वाचायचे कुठे?

कारण त्यांनी निवडानिवड केली नाही. एखाद्या प्रथेच्या बाजूची वचने आणि विरोधातली वचने ते शेजारी शेजारी ठेवतात, कोणते आधीचे ते सांगतात आणि बहुधा त्यानंतरच स्वतःचे मत देतात. घाईतल्या वाचकाला हवे ते वचन उचलता येते आणि ‘काणे म्हणतात’ असे लिहून मोकळे होता येते, जरी ते वचन काणे यांनी खोडून काढण्यासाठी दिलेले असले तरी. फोनवर आलेल्या अशा संदेशात खंड आणि पान दिले आहे का, हे पाहिले की निम्मे काम होते.

इंग्रजी खंड जुन्या ग्रंथांच्या डिजिटल संग्रहांत मिळतात. साडेसहा हजार पाने जड वाटत असतील, तर यशवंत आबाजी भट यांनी मराठीत केलेला ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा सारांशग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढला आहे. राजाने चोरीचा माल भरून देण्याचा नियम आणि कलिवर्ज्ये मूळ तिसऱ्या खंडात आहेत, घटनेवरचा आक्षेप पाचव्याच्या दुसऱ्या भागात अगदी शेवटी. तिसऱ्यापासून सुरुवात केलेली बरी.